कंपनीचा साउंड स्वतः अपग्रेड केला (स्विफ्ट २०१४) : पैसे आधी दरवाज्यात घाला

गाडीवान | रविवार, सकाळी ११.०५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज वेळ मिळालाय. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल. एक लाख तीस हजार किमी झालेत पण इंजिन खणखणीत आहे त्यामुळे विकायचा विचार नाही. महिन्यातून एकदा मी आणि बाबा पुण्याहून पंढरपूरला जातो आणि वाटेत पूर्णवेळ अभंग, त्यात निम्म्याहून जास्त भीमसेनजी. बाबा गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात, त्यामुळे त्यांचा कान कायम तिकडेच. टेंभुर्णी यायच्या आत एकदा तरी म्हणणार, "अरे यात पखवाज कुठंय?"

खरंच नव्हता. टाळ कानाला टोचायचे, गळा पातळ यायचा आणि पखवाजाची डावी बाजू म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखी. आवाज वाढवला की दरवाज्याचं पॅनेलच थरथरायचं.

मी आधी सगळे करतात तेच केलं, डेक (डॅशबोर्डमधला गाणी वाजवणारा प्लेयर) बदलला. डब्यावर लिहिलेलं ५० वॅट गुणिले ४. दुकानातल्या मुलाने गाडीचा मूळ कपलर (वायरींचा प्लग) कटरने कापला आणि वायरी पीळ देऊन टेप गुंडाळून टाकली, मी शेजारी उभा होतो आणि तो काय करतोय हे कळेपर्यंत झालं पण होतं. याचं मला अजूनही वाईट वाटतं. फरक काय पडला तर ब्लूटूथ आलं. पखवाज आला नाही.

मग आकडे मांडून बसलो. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. डेकच्या आतली अँपची (आवाजाला जोर देणाऱ्या अँप्लिफायरची) चिप त्याच व्होल्टेजवर चालते, ते वाढवणारं आत काही नसतं. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ आवाज द्यायचा तर गणिताने जास्तीत जास्त २६ वॅट निघतात आणि आतला लॉस धरला की हातात पडतात १८ ते २२. म्हणजे डेक पाच हजारांचा घ्या नाहीतर पंचवीस हजारांचा, आतला अँप जवळपास तेवढाच. डब्यावरचे ५० म्हणजे आवाज फाटल्यावरचा क्षणभराचा आकडा.

आणि खरी गोम दरवाज्यात आहे. स्पीकरचा कोन पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते, म्हणजे पुढची लाट आणि मागची लाट एकदम उलट्या. दोघी भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. घरच्या स्पीकरला म्हणून तर लाकडी पेटी असते. गाडीत पेटी म्हणजे दरवाजा, आणि त्याच्या आतल्या पत्र्याला हात कोपरापर्यंत जाईल एवढी मोठी भोकं, वरून नुसता प्लास्टिकचा कागद. मागची लाट तिथून बिनधास्त बाहेर. खालचे सूर त्यात सगळ्यात जास्त मरतात कारण त्यांच्या लाटा लांब, १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची असते. पुरुषाच्या गळ्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये येतो, पखवाजाची डावी बाजू पण त्याच टापूत किंवा त्याच्या खाली. म्हणजे बाबा जे शोधत होते नेमकं तेच दरवाजा गिळत होता.

तर पहिल्या रविवारी नवीन स्पीकर आणलेच नाहीत. फक्त दरवाजे केले. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं. माझ्या गाडीत उघडायच्या हँडलपाशी एक स्क्रू, हात धरायच्या खाचेत एक, बाकी कडेने क्लिपा. खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवत वर यायचं, स्क्रू ड्रायव्हर घातला तर रंग उडतो. पॅनेल सुटल्यावर हिसका देऊ नका, मागे काचेच्या बटणाचा कपलर आणि हँडलची केबल असते. आतून दिसणाऱ्या बाहेरच्या पत्र्यावर दहा वर्षांची धूळ, ती ओल्या फडक्याने, मग आयसोप्रोपिलने पुसली. त्यावर २ मिलीमीटरची ब्युटाइलची शीट, वरून अॅल्युमिनियमची फॉइल असते ती. शीटवर डायमंडची नक्षी असते, रोलरने ती नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, नाहीतर चिकटत नाही. मनगट भरून येतं. बाहेरचा पत्रा निम्मासुद्धा झाकला नसेल मी, तेवढं पुरतं, मधल्या मोठ्या मोकळ्या भागावर लावायची. आधी बोटाच्या पेराने वाजवलं तर टण्ण, नंतर ठप्प. ज्या क्षणी तो ठप्प आवाज ऐकला ना, तेव्हाच कळलं आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांवर एसीपीचे तुकडे, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती शीट, कापून स्क्रूने बसवले आणि कडेने ब्युटाइल. कायमचं चिकटवलं नाही, उद्या काचेची मोटर गेली तर उघडता आलं पाहिजे. मग जुनेच कंपनीचे स्पीकर परत लावले आणि बाबांना बोलावलं. ते डोळे मिटून बसले, दोन मिनिटांनी म्हणाले, "स्पीकर बदललेस ना?"

नव्हते बदलले. मंडळी, हेच सांगायला धागा काढलाय. साडेतीन हजारांच्या शीटने बावीस हजारांच्या डेकपेक्षा जास्त काम केलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी साडेसहा इंची कॉम्पोनंट सेट (मोठा स्पीकर आणि ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगवेगळे) घेतला, साडेसात हजार, ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी प्लास्टिकमध्ये. दिवाळीनंतर चार चॅनेलचा छोटा अँप, साडेनऊ हजार, आणि वायर किट अडीच हजार. अँप पॅसेंजर सीटखाली. कापलेल्या कपलरच्या जागी मेल-फिमेल अॅडॅप्टर आणून सगळे सांधे सोल्डर करून श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) घातली, ते काम मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरून सामान गोळा करून केलं.

मागच्या एकादशीला निघालो तेव्हा इंदापूरच्या अलीकडे बाबा मध्येच म्हणाले, "इथे बघ, कणीक सुकत आलीय, पखवाज चढलाय." डाव्या बाजूला लावलेली कणीक. माझ्या गाडीत, शंभराच्या स्पीडला. मी काही बोललो नाही, नुसता आवाज थोडा वाढवला.

प्रश्न असतील तर विचारा, जे केलंय तेवढं सांगेन.

वऱ्हाडी_ठोक | रविवार, दुपारी १२.४०

लय भारी लिवलं भाऊ. शीटबद्दल एक गोष्ट सांगतो, आमच्या अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते अन् उभ्या गाडीचा पत्रा तर त्याच्याहून कितीतरी तापते. म्या पैसे वाचवाले छताची वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट लावली होती, दिसाले सेम टू सेम, वरून चांदी. मे महिन्यात सगळं डांबर घसरून दरवाज्याच्या तळाशी, काच खाली केली की काळे पट्टे, अन् गाडीत डांबराचा असा वास की बायको बसे नाही. ते काढाले रॉकेल अन् दोन दिवस गेले. ब्युटाइलच घ्या, डांबरी घेऊ नका, फरक पाहाचा असन तं तुकडा उन्हात पत्र्यावर चिकटवून दुपारभर ठेवा.

कोकणरेषा | रविवार, दुपारी १.१५

वरच्यांनी उन्हाचं सांगितलं, मी पावसाचं सांगतो. गाडीवानांनी लिहिलं नाही म्हणून लिहितो, दरवाज्याच्या अगदी तळाला छोटी लांबट भोकं असतात, ती बंद करू नका. काचेच्या कडेने पाणी आत जाणारच, रबर कितीही चांगलं असलं तरी, आणि ते त्या भोकांतून बाहेर पडतं. माझ्या चुलतभावाने हौसेने तळापर्यंत शीट मारली. जुलैमध्ये रत्नागिरीत काय पाऊस असतो ते माहितीये, दरवाजा उघडला की आत पाणी डुचमळायचं, कळशी हलवल्यासारखं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तळाचा पत्रा गंजून बोट आत जाईल असा.

दुसरं म्हणजे तो आतला प्लास्टिकचा कागद. लोक काढून फेकतात. भोकं एसीपीने नीट बंद केली असतील तर ठीक, नाहीतर तो परत लावा, तो आतलं पाणी पॅनेलच्या पुठ्ठ्यापर्यंत येऊ देत नाही.

तिसरं, स्पीकर ज्यावर बसतो ती रिंग. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग कोकणात एक पावसाळा काढते, मग बिस्किटासारखी फुगते आणि स्क्रू धरत नाही.

गाडीवान | रविवार, दुपारी १.३२

कोकणरेषा, हे लिहायचं राहिलं माझ्याकडून आणि हे सगळ्यात महत्त्वाचं होतं, मनापासून धन्यवाद. मी तळाची चार बोटं मोकळी ठेवली होती. रिंग १२ मिमीच्या मरीन प्लायची, कापल्यावर सगळ्या कडांना रेझिनचे दोन हात दिले. पीव्हीसी फोम बोर्डची पण चालते, तिला पाणी लागत नाही, फक्त स्क्रू आरपार नट-बोल्टने घ्यावे लागतात.

रिंगवरून आठवलं, स्पीकर घ्यायच्या आधी काच पूर्ण खाली करून मागे किती जागा आहे ते मोजा. मॅग्नेट मोठं असलं तर काच त्यावर येऊन आदळते. रिंगमुळे स्पीकर तेवढा बाहेर येतो, पण फार बाहेर आला तर पॅनेलची जाळी टेकते. दोन्हीकडून मोजा.

हिंजवडीकर | रविवार, दुपारी ३.०५

मस्त धागा, वाचनखूण साठवली. माझी गाडी दीड वर्षाची आहे, कंपनीचा टचस्क्रीन आहे ज्यात रिव्हर्स कॅमेरा, एसीची सेटिंग सगळं आहे त्यामुळे तो काढणं शक्य नाही. वॉरंटी पण अजून दीड वर्ष आहे. मग माझ्यासारख्याने काय करायचं? आणि मला तुमच्यासारखं हाताने काम जमत नाही, पण शिकायची खूप इच्छा आहे.

सोल्डरवाला | रविवार, दुपारी ४.२०

हिंजवडीकर, स्क्रीनला हात लावायची गरजच नाही. अँप घेताना हाय लेव्हल इनपुट असलेला घ्या, म्हणजे स्क्रीनमधून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी सरळ अँपला जोडता येतात, आरसीए (डेककडून अँपला सिग्नल नेणारी वायर) लागत नाही. तुमच्या मॉडेलचं मेल-फिमेल हार्नेस (दोन्ही टोकांना प्लग असलेली वायरींची जुडी) ऑनलाइन मिळतं, ते मध्ये लावलं की गाडीची एकही वायर कापावी लागत नाही आणि उद्या सर्व्हिस सेंटरला जाताना काढून मूळचं जसंच्या तसं. वॉरंटीची भांडणं निम्मी वायर कापण्यावरून होतात. तरी तुमच्या वॉरंटी बुकात अॅक्सेसरीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. स्क्रीनमधले बेस-ट्रेबल शून्यावर ठेवा आणि 'स्पीडप्रमाणे आवाज' असेल तर तो बंद.

मी वीस वर्षं हेच काम करतोय (दुकान कुठे ते लिहीत नाही, जाहिरात होईल) म्हणून काही गोष्टी तळमळीने सांगतो. लोक स्पीकरवर खर्च करतात आणि वायरवर वाचवतात, आणि आग लागते ती वायरीने.

बॅटरीवरून अँपकडे येणाऱ्या वायरला बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच. तो फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. बोनेटमधून आत येताना वायर पत्र्याला घासली आणि सोलली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतते, अँपवरचा फ्यूज तिथे काही करू शकत नाही कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालाय. पत्र्यातून वायर आणताना रबरी ग्रोमेट घाला, पत्र्याची कड ब्लेडसारखी असते.

वायर तांब्याची घ्या. बाजारात जाड, सुंदर, पारदर्शक आवरणाची किटं मिळतात त्यातली बरीच आतून अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, सीसीए म्हणतात. तिची वहनक्षमता तांब्याच्या साठ-पासष्ट टक्के. ओळखायची सोपी रीत, एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की सीसीए. वजनालाही हलकी लागते. घ्यायचीच वेळ आली तर एक साइज जाड घ्या. गाडीवानांसारखा चार चॅनेलचा, खऱ्या ५० गुणिले ४ वॅटचा क्लास एबी (जास्त करंट खाणाऱ्या जातीचा) अँप असेल तर पूर्ण जोरावर पंचवीसेक अँपिअर ओढतो, त्याला ८ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) अस्सल तांब्याची वायर आणि ३० चा फ्यूज पुरतो.

अर्थिंग (अँपची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं) शक्य तितकं छोटं, अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, मग बोल्ट, वर ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थिंग देऊ नका, तो जीव वाचवणारा बोल्ट आहे.

करवीरकन्या | रविवार, संध्याकाळी ६.१०

माझा अनुभव लिहिते. कोल्हापूरला असते, आईच्या जुन्या वॅगन आरचा साउंड मी एकटीने केलाय, भाऊ म्हणत होता दुकानात दे, मी म्हटलं बघूया तरी. हिंजवडीकर, हात-बित सगळं बसतं हो, पहिल्या दरवाज्याला मला चार तास लागले, दुसऱ्याला दीड. क्लिपा आधीच दहा-बारा जास्तीच्या आणून ठेवा, जुन्या गाडीच्या क्लिपा वाळलेल्या असतात आणि दोन-तीन तुटतातच. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत जायचा, कुठला स्क्रू कुठला ते संध्याकाळी आठवत नाही.

मला अँप लावायचाच नव्हता, आईच्या गाडीत वायरींचं जाळं नको म्हणून. अशा वेळी स्पीकरवरचे वॅट बघूच नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक वॅटला स्पीकर किती डीबी (डेसिबल) आवाज देतो तो आकडा. आवाज ३ डीबीने वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे ९२ डीबीचा स्पीकर डेकच्या १८ वॅटमध्ये जेवढा वाजेल तेवढा ८६ डीबीचा वाजवायला ७२ वॅट पाहिजेत. दुकानदार मला ३०० वॅट लिहिलेला जड स्पीकर देत होता, तो डेकवर नुसता कुंथला असता.

प्लस-मायनस तपासायची घरगुती युक्ती, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे टेकलंय ते स्पीकरचं प्लस. एका दरवाज्यात उलटं जोडलं गेलं तर दोन्ही बाजू वाजतात पण बेस नाहीसा होतो, आणि माणूस स्पीकरला नावं ठेवतो. ट्वीटरला हे करू नका, फार नाजूक असतो.

एक काळजीची गोष्ट. पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत समोरच्या खांबाच्या आतून ट्वीटरची वायर नेताना ती बॅगच्या वरून जाऊ देऊ नका आणि खांबावर ट्वीटर ठोकू तर नकाच, बॅग उघडली तर तो ट्वीटर गोळीसारखा तोंडावर येईल. आरशाजवळचा तिकोन बरा.

गाडीवान | रविवार, संध्याकाळी ६.४५

ताई, एकदम मनातलं लिहिलंत. सेलची युक्ती मी पण केली होती.

ट्रकवाल्याचा_भाऊ | रविवार, रात्री ८.३०

आमचा दादा नगर-सुरत लाइनला असतो, गाडी दहा चाकी. त्याला केबिनमध्ये चांगला साउंड करून द्यायचा आहे, रात्रीची सोबत तेवढीच असते हो. एकाने सांगितलं दोन बॅटऱ्या आहेत ना, एकीवरून १२ व्होल्ट काढून घे, कारचा डेक चालतो. खरंय का?

सोल्डरवाला | रविवार, रात्री ९.१०

अजिबात करू नका. डेक चालेल, बॅटऱ्या मरतील. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात आणि अल्टरनेटर दोघींना एकत्र चार्ज करतो. तुम्ही एकीवरून रोज काढलंत की ती कायम अर्धपोटी आणि दुसरी कायम जास्त चार्ज, एक वाळते दुसरी उकळते, वर्षाच्या आत दोन्ही बदलायची वेळ. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, नुसत्या डेकला १० अँपिअरचा भरपूर झाला, अँप लावणार असाल तर ३० चा घ्या आणि हवा लागेल अशा जागी बसवा, गरम होतो. नाहीतर सरळ २४ व्होल्टवर चालणारे डेक येतात ते बघा.

केबिनमध्ये इंजिनचा घरघराट इतका असतो की तिथेही आधी शीट. इंजिनच्या झाकणावर नको मात्र, तिथे उष्णतेचं वेगळं मटेरियल लागतं. दारं आणि मागची भिंत करा. दादाला आवाज कमी ठेवूनही नीट ऐकू येईल, आणि मागच्याचा हॉर्न पण ऐकू आला पाहिजे.

शांतताप्रिय | रविवार, रात्री ९.४०

माफ करा, पण एक वेगळी बाजू मांडतो. माझं घर चौकाला लागून आहे, वडील आजारी असतात. रात्री अकरा-साडेअकराला गाड्या जातात तेव्हा खिडकीच्या काचा हलतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर बंधन आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. धागा तांत्रिक आहे हे कळतंय, तरी एवढं लक्षात ठेवावं ही विनंती.

गाडीवान | रविवार, रात्री १०.०५

तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि वडिलांना लवकर आराम पडो. मी जे सांगतोय ते याच्या उलट दिशेचं आहे. दरवाजा सील केला की आवाज आत राहतो, बाहेरचा पत्रा थरथरणं थांबतं. शीट लावल्यावर मी गाडीबाहेर उभा राहून मुलाला आत आवाज वाढवायला सांगितला, पूर्वीपेक्षा बाहेर कमी येतो. आणि रस्त्याचा आवाज कमी झाल्यामुळे आम्ही आता पूर्वीपेक्षा कमी व्हॉल्यूमला ऐकतो. डिकीत दोन बारा इंची सब (नुसत्या बेसचे मोठे स्पीकर) लावून चौकात मिरवायचा साउंड हा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी मी कुणाला मदत करणार नाही.

डेक्कनचा | सोमवार, सकाळी ९.२०

माझी अडचण सोडवा प्लीज. अँप लावल्यापासून उजव्या-डाव्या दोन्ही स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज येतो, अॅक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो. गाडी बंद, नुसती चावी ऑन असेल तर अजिबात नाही. ज्याने बसवलं तो म्हणतो अल्टरनेटर खराब आहे, बदला. बारा-तेरा हजारांचा खर्च सांगतोय.

सोल्डरवाला | सोमवार, सकाळी १०.०२

थांबा, बदलू नका. इंजिनबरोबर चढणारी कुई म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ. क्रमाने करा. गाडी बंद करा, अँपच्या आरसीए काढा, मग गाडी चालू करा. कुई गेली तर दोष अँपच्या अलीकडे, राहिली तर अँपच्या पॉवर किंवा अर्थिंगला. अलीकडे असेल तर मल्टिमीटर घ्या, आरसीए पिनचं बाहेरचं कडं आणि डेकची बॉडी यात कंटिन्युइटी (सलग जोडणी) आहे का बघा. नसेल तर डेकमधला आरसीएचा अर्थ उडालाय. गाडी चालू असताना आरसीए काढली-घातली की असं होतं, बऱ्याच डेकमध्ये तिथे केसासारखा बारीक फ्यूज असतो तो जळतो. म्हणूनच म्हटलं आधी बंद करा.

डेक्कनचा | सोमवार, संध्याकाळी ७.४५

आरसीए काढल्या तरी कुई होतीच. मग सीट सरकवून बघितलं तर अर्थची वायर सीटच्या रुळाच्या स्क्रूला लावलेली, खाली काळा रंग तसाच. पत्र्याचा दुसरा बोल्ट शोधला, सँडपेपरने चकचकीत केला, वायर कापून फूटभर केली. कुई पूर्ण गेली. पूर्ण! सोल्डरवाला साहेब, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सोल्डरवाला | सोमवार, रात्री ८.३०

आभार नकोत, त्या बोल्टला ग्रीस लावा. आणि आता गेन नीट करा, कारण तुमच्याकडे ज्या हाताने अर्थ दिलाय त्याच हाताने गेन पण फिरवलेला असणार. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेकच्या सिग्नलशी अँपचा जोर जुळवायचा स्क्रू. अँपपासून स्पीकर सोडवा, बेस-ट्रेबल-बूस्ट शून्य, डेकचा आवाज पाऊण, आणि १ किलोहर्ट्झची शून्य डीबी टेस्ट टोन (पूर्ण ताकदीचा एकच सूर) लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. किती व्होल्ट पाहिजेत ते काढायला वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट आणि ४ ओहम म्हणजे २०० चं वर्गमूळ, १४.१. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत १४ ला थांबा. तुमचा मीटर स्वस्तातला असेल तर तो १ किलोहर्ट्झला चुकू शकतो, मग १०० हर्ट्झची टोन वापरा, पण तेव्हा हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) बंद ठेवा. नंतर दरवाज्यांना हाय पास ८० हर्ट्झवर. स्पीकर जास्त वॅटने कमी जळतात, फाटलेल्या सिग्नलने जास्त.

करवीरकन्या | सोमवार, रात्री ९.००

शेवटची एक गंमत सांगते, फुकट आहे. तुमच्या डेकमध्ये टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज जरा उशिरा सोडायची सोय) असेल तर वापरा. आपण उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. टेपने कानापासून दोन्ही मोजा. माझ्याकडे ९० आणि १४० सेंटिमीटर आले. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, फरक ५० चा, म्हणून उजव्याला दीड मिलिसेकंद थांबवलं. गाणारी बाई उजव्या दरवाज्यातून उठली आणि स्टेअरिंगच्या पुढे डॅशबोर्डवर येऊन बसली. आई मागच्या आठवड्यात म्हणाली, आता गाणं समोरून येतं, ओळखीच्या माणसासारखं.

हिंजवडीकर | सोमवार, रात्री १०.१५

सगळं दोनदा वाचलं. शीट, रोलर, क्लिपा ऑर्डर केल्या. आधी फक्त पुढचे दोन दरवाजे, स्पीकर तेच. गाडीवान काका, पहिल्या दरवाज्याला तुम्ही शेजारी असाल तर बरं वाटेल. मी तुमच्याकडे येऊ का गाडी घेऊन?

गाडीवान | मंगळवार, सकाळी ७.३०

या की. येत्या रविवारी सकाळी आठला या, ऊन चढायच्या आत बाहेरच्या पत्र्यावर शीट चिकटवून झाली पाहिजे. गाडी आदल्या दिवशी धुऊ नका, दरवाज्यात ओल राहते. एसीपीचे तुकडे शिल्लक आहेत माझ्याकडे, विकत घेऊ नका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बाबांना सांगितलंय, ते म्हणाले, तो पोरगा काय ऐकतो ते घेऊन ये म्हणावं, मी पण ऐकतो.